दिवा लागला म्हणजे मोटर चालू? पॅनेल ऑपरेटर तयार करताना या चुका टाळा

दसऱ्याच्या आगेमागे साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपन होतं. मंडप, पूजा, नारळ, संचालक मंडळाचे फोटो. त्याच्या आदल्या आठवड्यात ‘पॅनेल ऑपरेटरचं ट्रेनिंग’ नावाचा एक कार्यक्रम उरकला जातो. इंजिनियर पॅनेलसमोर, म्हणजे बॉयलर चालवायच्या दिवे-बटणांच्या फलकासमोर, उभा राहतो, वरून खाली एकेक बटण दाखवतो, पोरं माना डोलावतात, हजेरीवर सह्या होतात. मीही तीन हंगाम हेच केलं.

चौथ्या हंगामात रात्रपाळीला स्टीम प्रेशर पडायला लागलं. पॅनेलवर बगॅस फीडरचे (भट्टीत उसाचा चोथा टाकणाऱ्या यंत्रांचे) सगळे दिवे लागलेले. नव्या ऑपरेटरने फीडरचा स्पीड वाढवला, एअर कमी-जास्त केली, शिफ्ट इंचार्जला फोन केला. वीस मिनिटांनी फायरमन वर गेला तेव्हा कळलं, दोन फीडरच्या चेन तुटल्या होत्या. मोटर फिरत होती, फीडर जागच्या जागी. पोराची चूक काहीच नव्हती. दिवा म्हणजे फीडर चालू, हे त्याला मीच शिकवलं होतं.

पहिली चूक : दिव्याचं नाव शिकवणं, वायर न दाखवणं

प्रत्येक दिव्यामागची वायर कुठून येते, हे ऑपरेटरला माहीत हवं. काही दिवे नुसती कमांड गेली की लागतात. काही काँटॅक्टरच्या (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) ऑक्झिलरी काँटॅक्टवरून, म्हणजे त्याच्या जोडीने हलणाऱ्या छोट्या संपर्कावरून, लागतात. म्हणजे काँटॅक्टर ओढला गेला, एवढंच कळतं. व्हॉल्व्ह खरंच हलला की दबणाऱ्या लिमिट स्विचवरून किंवा शाफ्ट खरंच फिरतोय का ते बघणाऱ्या झिरो स्पीड स्विचवरून येणारा दिवा त्यामानाने भरवशाचा. त्या रात्री फीडरचा ॲमीटर बघितला असता तरी निभावलं असतं, कारण चेन तुटल्यावर करंट रिकाम्या मोटरएवढा खाली आला होता.

ही चूक केवळ आपल्याकडची नाही. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात एक रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) उघडा अडकला. पॅनेलवरचा दिवा व्हॉल्व्हची जागा दाखवत नव्हता, बंद करण्याचा सिग्नल गेला की नाही एवढंच दाखवत होता. ऑपरेटर व्हॉल्व्ह बंद आहे असं धरून चालले आणि अणुभट्टीतलं पाणी तिथून जात राहिलं.

रंगांचा घोळ वेगळाच. आपल्या स्विचगियरच्या (विजेच्या स्विचांच्या पॅनेलच्या) जुन्या पद्धतीत मोटर चालू असली की दिवा लाल, बंद असली की हिरवा. पण स्टार्टचं बटण हिरवं! बाहेरून आलेल्या मशिनच्या पॅनेलवर पुन्हा उलटं : हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे धोका. एकाच हॉलमध्ये दोन्ही जातीची पॅनेलं असतील, तर नवीन माणसाला पहिल्या दिवशी दोन्हींसमोर उभं करा आणि फरक त्यालाच सांगायला लावा.

आकडा खोटा असू शकतो, हे न शिकवणं

लेव्हल किंवा प्रेशर मोजून पॅनेलला कळवणाऱ्या ट्रान्समीटरचा सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर असतो. ४ म्हणजे शून्य टक्के, २० म्हणजे शंभर. वायर तुटली की सिग्नल शून्यावर येतो आणि इंडिकेटर उणे २५ टक्क्यांकडे जातो किंवा एरर दाखवतो. ‘लेव्हल शून्य’ आणि ‘वायर तुटली’ यांतला हा फरक न कळलेला ऑपरेटर घाबरून पाणी सोडत बसतो.

त्याहून फसवा प्रकार म्हणजे न हलणारा आकडा. ट्रान्समीटरपर्यंत प्रेशर नेणारी बारीक नळी, म्हणजे इम्पल्स लाइन, चोक झाली की लेव्हल तासन्‌तास ५१ वरच उभी. चालू बॉयलरचा आकडा थोडा तरी थरथरतोच. लॉगशीटवर सलग सहा तास तोच आकडा दिसला, तर ट्रान्समीटर अडकलाय किंवा लॉगशीट पाळी सुटताना एका बैठकीत भरली आहे. (दुसरी शक्यता जास्त. शाईवरून कळतं.) २३ मार्च २००५ ला टेक्सास सिटीच्या रिफायनरीत टॉवर काठोकाठ भरत चाललेला असताना लेव्हलचा आकडा उतरताना दिसत होता. स्फोटात १५ जण गेले.

म्हणून पॅनेलच्या ट्रेनिंगचा निम्मा वेळ पॅनेलपासून लांब घालवा : पाण्याची पातळी डोळ्यांनी दाखवणाऱ्या गेज ग्लासपाशी, फीडरपाशी, एमसीसीत (मोटरचे स्विच असतात त्या खोलीत).

ड्रम लेव्हलचा चकवा

ड्रम म्हणजे बॉयलरचं वरचं भांडं, जिथे पाणी आणि वाफ वेगळी होते. माझ्या मते ऑपरेटरची खरी परीक्षा इथे होते, आणि नेमका हाच प्रश्न कुणी विचारत नाही.

टर्बाइनवर एकदम लोड आला की स्टीमची मागणी वाढते आणि प्रेशर पडतं. प्रेशर पडलं की ड्रमच्या पाण्यातले वाफेचे बुडबुडे फुगतात आणि लेव्हल चढलेली दिसते. दूध उतू जातं तेव्हा पातेल्यातलं दूध वाढलेलं नसतं, तसंच हे. नवीन ऑपरेटर चढलेली लेव्हल बघून फीड वॉटर (बॉयलरला जाणारं पाणी) कमी करतो. मिनिटाभरात बुडबुडे बसतात, खरी लेव्हल उघडी पडते, आणि ती आता धोक्याच्या खाली असते. मिल अचानक थांबली की उलटा खेळ : प्रेशर चढतं, लेव्हल खाली गेल्यासारखी दिसते, ऑपरेटर पाणी ओततो आणि थोड्या वेळाने ड्रम भरतो. मग पाणी वाफेबरोबर टर्बाइनकडे जायची भीती.

पाणी आपोआप सांभाळणारा थ्री एलिमेंट कंट्रोल ऑटोवर असेल तर लेव्हल, स्टीम फ्लो आणि फीड वॉटर फ्लो तिन्ही बघून तो सांभाळून घेतो. पण गडबड झाली की आपली माणसं सगळ्यात आधी काय करतात? मॅन्युअलवर घेतात.

तोंडी परीक्षेत मी असं विचारतो : “लेव्हल ५० वरून ६२ झाली, प्रेशर पडतंय, स्टीम फ्लो वाढलाय. पाणी कमी करशील?” ‘हो’ म्हणणारा अजून तयार नाही. जो आधी स्टीम फ्लो आणि पाण्याचा फ्लो जुळवून बघतो आणि गेज ग्लास बघायला माणूस पाठवतो, तो पॅनेलवर बसू शकतो. पण पुढचा प्रश्न विसरू नका : प्रेशर स्थिर, पाण्याचा फ्लो स्टीमपेक्षा जास्त आणि लेव्हल ६२, तर? इथे पाणी कमी करायचंच. पहिलं उत्तर घोकून आलेला इथे पकडला जातो.

हूटर बंद करणं म्हणजे काम झालं

हूटर वाजला की हात आपोआप ‘ॲक्सेप्ट’वर जातो. अलार्मची खिडकी (पॅनेलवर उजळणारी नावाची पाटी) वाचली का? परीक्षेत हूटर बंद झाल्यावर पाच सेकंदांनी ऑपरेटरला पाठमोरा करा आणि कुठली खिडकी लागली होती ते विचारा. ट्रिपनंतर (यंत्रणा आपोआप बंद पडल्यावर) वीस खिडक्या एकदम लागतात. त्यात पहिली कुठली, हेच महत्त्वाचं. ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत २४ जुलै १९९४ ला स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. एवढे अलार्म कुणीच वाचू शकत नाही. तेव्हा दोष प्रत्येक वेळी माणसावर ढकलू नका. फालतू अलार्म ऑफ सीझनमध्ये काढून टाका.

मोटरवर जास्त भार आला की ती बंद पाडणाऱ्या ओव्हरलोड रिलेचंही तेच. ट्रिप झाला, रिसेट, स्टार्ट, पुन्हा ट्रिप. तिसऱ्यांदा मोटर जळते. एकदा ट्रिप झाल्यावर कारण शोधल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.

सर्टिफिकेट आहे, मग परीक्षा कशाला?

बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट कायद्याने लागतंच. १९२३ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आला तरी ते सुटलेलं नाही. पण ते बॉयलर चालवण्याचं आहे, तुमच्या पॅनेलचं नाही. शिवाय हंगामी माणूस पाच-सहा महिने शेतात असतो. परतल्यावर त्याचे हात आठवतात, डोकं आठवेलच असं नाही. मधल्या काळात इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी दोन बटणांची अदलाबदल केलेली असते.

सिम्युलेटर (सरावाचं नकली पॅनेल) परवडत नाही ही सबब सांगू नका. ऑफ सीझनमध्ये बॉयलर थंड असतो. एमसीसीतले फीडर (इथे मोटरच्या वीजजोडणीचे कप्पे, बगॅसचे नव्हेत) टेस्ट पोझिशनला घ्या, म्हणजे पॉवर तुटते पण कंट्रोल चालतं. ड्रम लेव्हलच्या ट्रान्समीटरची वायर जंक्शन बॉक्समध्ये सोडवून तिथे लूप कॅलिब्रेटर (हवा तो सिग्नल देणारं यंत्र) लावा. १२ मिलिअँपिअर म्हणजे ५० टक्के. तिथून हळूहळू ८ वर आणा आणि ऑपरेटर कधी बघतो, काय करतो, कुणाला हाक मारतो ते नोंदवा. संपल्यावर वायर जागेवर बसवून लूप तपासा, आणि हे काम दुसऱ्या माणसाकडून करून घ्या.

परीक्षा मराठीतच घ्या. पॅनेलवरची नावं इंग्रजी असली तरी माणूस ‘वरून तिसरं’ असंच लक्षात ठेवतो. परीक्षकाने गप्प बसायचं, भुवईसुद्धा उचलायची नाही. मला हे अजून जमत नाही, म्हणून मी मागे उभा राहतो. भट्टीतला धूर ओढणारा आयडी फॅन ट्रिप झाल्यावर हवा ढकलणारा एफडी फॅन आणि बगॅस फीडर आपोआप बंद होतात, तो सुरक्षेचा इंटरलॉक बायपास करून दाखवणाऱ्याला मात्र, बाकी कितीही छान असला तरी, नापास.

नापास झालेल्याला घरी पाठवू नका. जुन्या ऑपरेटरबरोबर आठ दिवस बसवा आणि पुन्हा परीक्षा घ्या. फक्त दुसऱ्या वेळी ड्रम लेव्हलऐवजी भट्टीच्या ड्राफ्टचा (आतल्या हवेच्या ओढीचा) आकडा हलवा, कारण पहिला पेपर तोवर कँटीनमध्ये फुटलेला असतो.