एक पिक्सेल, एक गुंठा: सोलापूरच्या शेतांची आणि तळ्यांची उपग्रहचित्रे निवडणे आणि वाचणे

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचा पिक्सेल (चित्रातला सर्वांत लहान ठिपका) जमिनीवर १० बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, म्हणजे १०१ चौरस मीटर. एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा, चाळीस पिक्सेल म्हणजे एकर, एवढे डोक्यात ठेवले की कोणते चित्र कशाला पुरेल याचा अंदाज लगेच येतो.

बांधालगतचा पिक्सेल मात्र धड या शेताचा नसतो आणि धड त्याचाही नसतो. त्यात बांधावरची बाभूळ येते, पाणंद येते, शेजारचा ऊस येतो. म्हणून गटाच्या सीमेपासून १० मीटर आत यायचे आणि उरेल तेवढेच मोजायचे. असे केले की चौकोनी एकरात पंधरा-वीस पिक्सेल हाती लागतात, वीस गुंठ्यांत जेमतेम चार-सहा. वाटण्या होऊन वीस मीटर रुंदीचे लांबट पट्टे झाले असतील, तर एकही नाही. त्या पट्ट्यावर १० मीटरच्या चित्रातून आकडा काढून देणारा माणूस शेजाऱ्याच्या पिकाचा आकडा देतो आहे, असे खुशाल समजा.

कोणता उपग्रह

सेंटिनेल-२ चे बँड (प्रकाशाचे वेगवेगळे टिपलेले पट्टे) तेरा, पण सगळे सारखे बारीक नाहीत. निळा (बी२), हिरवा (बी३), लाल (बी४) आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त (बी८) हे चारच १० मीटरचे. रेड-एजचे, म्हणजे लाल आणि अवरक्ताच्या सीमेवरचे, तीन बँड (बी५, बी६, बी७), अरुंद अवरक्त बी८ए आणि लघुतरंग अवरक्त बी११, बी१२ हे २० मीटरचे. उरलेले तीन ६० मीटरचे असून ते हवेतली धूळ, बाष्प आणि विरळ ढग टिपण्यासाठी आहेत, शेतीला त्यांचा थेट उपयोग नाही. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एक चित्र मिळते, तेही फुकट. सोलापुरावरून फेरी होते सकाळी अकराच्या आसपास.

आपला रिसोर्ससॅट-२ आणि २ए यांवरचा लिस-४ कॅमेरा ५.८ मीटरचा. गुंठ्यात तीन पिक्सेल बसतात, त्यामुळे छोट्या तुकड्यांना तो बरा. पण बँड तीनच: हिरवा, लाल, अवरक्त. निळा नसल्याने नैसर्गिक रंगातले चित्र तयार होत नाही, आणि लघुतरंग अवरक्त नसल्याने ओलाव्याचा निर्देशांक (दोन बँडांच्या आकड्यांवरून काढलेले माप) काढता येत नाही. २०२३ च्या भारतीय अंतराळ धोरणानुसार ५ मीटर आणि त्याहून जाड चित्रे सर्वांना खुली आहेत, तेव्हा लिस-४ साठी पैसे मोजायची गरज नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भूनिधी संकेतस्थळावर खाते उघडून ती उतरवता येतात.

झाडन् झाड वेगळे दिसायला हवे असेल तर विकतची चित्रे. २०१४ चा वर्ल्डव्ह्यू-३ कृष्णधवल चित्र ३१ सेंमीचे देतो, आठ रंगी बँड १.२४ मीटरचे आणि लघुतरंग अवरक्ताचे आठ बँड ३.७ मीटरचे. त्याच्या एका फेरीत टिपलेल्या पट्ट्याची रुंदी जेमतेम १३ किमी, सेंटिनेलची २९० किमी. बारीक पाहायचे तर थोडेच पाहायला मिळते, हा सौदा सगळ्याच उपग्रहांत आहे. आपल्या कार्टोसॅट-३ चे कृष्णधवल चित्र पाव मीटरच्या आसपासचे, पट्टा १६ किमीचा.

चित्र उतरवताना

कोपर्निकस ब्राउझर या सेंटिनेलच्या चित्रांच्या संकेतस्थळावर सेंटिनेल-२ चे एल२ए उत्पादन निवडा. एल१सी घेऊ नका, त्यात वातावरणाची भेसळ काढलेली नसते आणि दोन तारखांची तुलना फसते. ढगांची मर्यादा २० टक्के ठेवा, पण ती टक्केवारी शंभर किलोमीटरच्या अख्ख्या टाइलची (चित्राच्या चौकोनी तुकड्याची) असते हे विसरू नका. टाइलवर पाच टक्के ढग आणि तेच नेमके सांगोल्यावर, असे होते. जून ते सप्टेंबर स्वच्छ चित्र मिळणे नशिबाचा भाग आहे, नोव्हेंबर ते मे हा आपला खरा हंगाम.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्पाची प्रणाली मीटरमध्ये मोजणारी यूटीएम झोन ४३ उत्तर (ईपीएसजी ३२६४३) ठेवा. सोलापूर जिल्हा अख्खा त्याच झोनमध्ये बसतो. अक्षांश-रेखांशाच्या प्रणालीत क्षेत्रफळ काढायला गेलात तर आकडा चौरस अंशांत येतो आणि निरर्थक असतो.

ढग काढण्यासाठी सोबतचा एससीएल थर (प्रत्येक पिक्सेल ढग, पाणी, पीक यांपैकी काय ते सांगणारा) वापरा. त्यातले ३ म्हणजे ढगाची सावली, ८ आणि ९ म्हणजे ढग, १० म्हणजे विरळ ढग. हे चारही वर्ग गाळा. आपल्याकडे एक खोट हमखास निघते: काळी जमीन ओली असली की एससीएल तिला कधी सावली, कधी पाणी समजतो. म्हणून पावसानंतरच्या पहिल्या चित्रात गाळलेला भाग डोळ्यांनी तपासावा.

सगळ्यात महाग पडणारी चूक

२५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेलच्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. खरे परावर्तन (प्रकाशाचा किती भाग परत फिरला ते) काढायचे तर आधी १००० वजा करून मग १०,००० ने भागायचे. हे न केल्यास काय होते ते पाहा. लाल बँडचा आकडा १८००, अवरक्ताचा ४०००. वजाबाकी करून परावर्तन येते ०.०८ आणि ०.३०, आणि त्यावरून एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा निर्देशांक (अवरक्त वजा लाल, भागिले दोहोंची बेरीज) येतो तो असा:

एनडीव्हीआय = (०.३० − ०.०८) ÷ (०.३० + ०.०८) = ०.५८

वजाबाकी विसरली तर तोच आकडा २२०० ÷ ५८०० म्हणजे ०.३८. उभे, बरे पीक कागदावर दुष्काळी झाले! २०२० आणि २०२४ ची तुलना करताना तर हा फरक थेट "पीक घटले" म्हणून अहवालात जातो. तारखेवर विसंबू नका, कारण जुनी चित्रेही नव्या पद्धतीने पुन्हा प्रक्रिया करून ठेवली आहेत. फाइलच्या नावात 'एन' अक्षरापुढे चार अंक असतात. ते ०४०० किंवा पुढचे असतील तर वजाबाकी करायची. काही ऑनलाइन सेवा ती स्वतःच करून देतात, तिथे पुन्हा केली की उलटी चूक होते. खातरजमेसाठी उजनी धरणाच्या खोल, स्वच्छ पाण्यावरचा अवरक्ताचा आकडा पाहा. तो हजाराच्या आसपास असेल तर वजाबाकी बाकी आहे, शून्याच्या जवळ असेल तर झालेली आहे.

आकडा घसरला म्हणजे रोग आला असे नाही

सोलापूरच्या डाळिंबात ही गल्लत नेहमीची. बहार धरण्याआधी बाग ताणावर सोडतात (पाणी तोडतात), मग पानगळ करतात. त्या महिन्यात एनडीव्हीआय कोसळतो आणि तो कोसळायलाच हवा. उन्हापासून फळ वाचवायला झाडांवर पांढरे क्रॉप कव्हर टाकले तरी तेच दिसते. द्राक्षात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी झाल्यावर मांडव उघडा पडतो. बागायतदाराला बहाराची किंवा छाटणीची तारीख विचारल्याशिवाय आलेखाचा अर्थ लावू नका.

उसात अडचण वेगळी. फड दाटला की एनडीव्हीआय ०.८ च्या पुढे जाऊन थबकतो, मग वाढ कमी-जास्त असली तरी आकडा हलत नाही. तिथे रेड-एज वापरा: (बी८ए − बी५) ÷ (बी८ए + बी५). पिक्सेल २० मीटरचा होतो, पण उसाचे फड त्यामानाने मोठे असतात, चालून जाते. तोडणीनंतर पाचट पेटवले की राखेमुळे अवरक्त आणखी पडते. खोडवा फुटून हिरवे दिसायला पुढे काही आठवडे लागतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरची पेरणी आणि फेब्रुवारी-मार्चची काढणी धरून मधल्या सगळ्या तारखा घ्या, एका चित्रावरून ज्वारी आणि हरभरा वेगळे काढायच्या भानगडीत पडू नका.

पाणी मोजताना

साध्या तळ्याला (बी३ − बी८) ÷ (बी३ + बी८) हा निर्देशांक पुरतो, शून्याच्या वर ते पाणी. होटगी किंवा हिप्परग्याचा तलाव असा मोजता येतो, पिक्सेल मोजले की थेट गुंठे. जलपर्णी पसरलेल्या तलावात मात्र तो साफ चुकतो, कारण वरून ते पाणी नसून पालाच असतो.

उजनीत याहून अवघड प्रसंग येतो. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत पीक उभे राहते, आणि त्याच वेळी काठाला शेवाळ नि जलपर्णीही असते. दोन्ही हिरवी, दोन्हींचा एनडीव्हीआय चढा. उपाय असा: धरण भरल्यावरचे ऑक्टोबरचे चित्र घेऊन पाण्याची हद्द आखा. पुढच्या चित्रांत त्या हद्दीच्या आत जेवढे हिरवे दिसेल ते वेगळे काढा आणि पाच-दहा दिवसांच्या अंतराची दोन चित्रे एकावर एक ठेवा. वाऱ्याने जागा बदलली तर ती तरंगती जलपर्णी. जागचे हलले नाही, कडा सरळ आहेत, तर ते पीक. काठाच्या उथळ भागात अडकलेली जलपर्णी हलत नाही, तिथे जाऊनच पाहावे लागते.

उपग्रह पाण्याचे क्षेत्र सांगतो, खोली नाही. उजनीचा मृतसाठाच सुमारे ६३ टीएमसी. त्यामुळे धरण वजा झाले, म्हणजे उपयुक्त साठा संपला, तरी चित्रात भरपूर निळे दिसते. क्षेत्रावरून साठा काढायचा तर धरणाचा पातळी-क्षेत्र-साठा तक्ता सोबत हवा.

विकतचे चित्र मागवताना

डाळिंबाची लागवड साधारण ४.५ बाय ३ मीटरवर असते, म्हणजे सेंटिनेलच्या एका पिक्सेलमध्ये सात झाडे आणि मधली उघडी माती. बाग एकंदर कशी आहे ते कळते, मर रोग कोणत्या झाडाला लागला ते कळत नाही. दोन-सव्वादोन मीटरचा घेर असलेल्या झाडावर १.२४ मीटरचे जेमतेम दोन पिक्सेल पडतात. झाडे मोजायला ३१ सेंमीचे चित्र लागतेच.

मागणीत कॅमेऱ्याचा तिरकेपणा २० अंशांच्या आत मागा. वर्ल्डव्ह्यू-३ चे ३१ सेंमी हे सरळ खाली पाहतानाचे माप आहे, २० अंशांना ते ३४ सेंमी होते. त्याहून तिरके चित्र घेतले तर फताटेवाडीच्या वीजकेंद्राची चिमणी शेजारच्या रानात आडवी पडलेली दिसते, आणि झाडेही तशीच कलतात. कृष्णधवल आणि रंगी बँड वेगवेगळ्या फाइलींत मागा. दोन्ही मिसळून केलेले पॅन-शार्पन चित्र झाडे मोजायला उत्तम, पण त्यावर निर्देशांक काढू नका, मिसळताना रंगांचे मूळ आकडे बदललेले असतात. आणि १६ बिटची फाइल हवी असे स्पष्ट लिहा. ८ बिटची (० ते २५५ एवढेच आकडे मावणारी) दिली तर ती दिसायला छान असते, पण ताणून भडक केलेल्या त्या आकड्यांवरून परावर्तन परत मिळत नाही. फाइल आली की क्यूजीआयएसमध्ये लेयरची माहिती उघडून कमाल आकडा पाहा. तो नेमका २५५ असेल तर पैसे देण्याआधी फाइल परत पाठवा.