बाळंतपणानंतरची साखर तपासणी : या चुका टाळा

गरोदरपणात साखर निघाली की घर कामाला लागतं. भात मोजून, इन्शुलिन वेळेवर, बोटाला टोचून रोज नोंद. बाळ सुखरूप हातात आलं की मात्र सहाव्या आठवड्याच्या तपासणीची चिठ्ठी फाइलमध्येच राहते. ही पहिली चूक. लॅबमध्ये बसून हे वर्षानुवर्षं बघतेय आणि आता चीड येते. चीड बाळंतिणीवर नाही, "आता गेली गं साखर" म्हणून तिला निर्धास्त करणाऱ्यांवर.

साखर उतरते, हे खरं. वारेतून येणारी संप्रेरकं इन्शुलिनचं काम अडवतात, वार पडली की तो अडथळा जातो. पण त्या ताणाखाली जे स्वादुपिंड कमी पडलं, ते पुढेही कमी पडू शकतं. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला पुढे टाइप 2 मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या जवळपास दहापट असल्याचं 2020 मधल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त खुपते: नुसती उपाशीपोटीची साखर तपासून मोकळं होणं. आमच्याकडे एक बाई दुसऱ्या खेपेला दिवस राहिल्यावर आली, तेव्हा अडीच महिने होऊन गेले होते. उपाशीपोटी साखर दीडशेच्या वर. डॉक्टर म्हणाले, हा या गरोदरपणातला मधुमेह नाही, आधीपासूनचा आहे. मागची फाइल काढली तर पहिल्या बाळंतपणानंतरचा एकच आकडा, उपाशीपोटी 104, आणि बाजूला पेनानं "नॉर्मल". कुणी लिहिलं कोण जाणे. उपाशीपोटी शंभरच्या वरची साखर नॉर्मल नसते, आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं असतं तर चित्र आणखी स्पष्ट झालं असतं. बाळाचं हृदय पहिल्या आठ आठवड्यांतच घडतं, ते आठवडे वाढलेल्या साखरेत गेले होते. पुढे बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी नीट आली. पण ती होईपर्यंत ती बाई प्रत्येक वेळी रिपोर्ट हातात घेऊन "यात बाळाचं काही कळतं का हो?" विचारायची.

म्हणून तपासणी 75 ग्रॅम ग्लुकोजचीच करा. रात्रभर, निदान आठ तास उपास, पाणी चालतं. आधी उपाशीपोटी रक्त, मग ग्लुकोज पाच मिनिटांत संपवायचं, मग दोन तासांनी पुन्हा रक्त. उपाशीपोटी 126 किंवा जास्त, नाहीतर दोन तासांनी 200 किंवा जास्त आलं तर मधुमेह धरतात. बाळंतीण बरी दिसत असेल तर डॉक्टर खात्रीसाठी पुन्हा तपासायला सांगतात. उपाशीपोटी 100 ते 125 किंवा दोन तासांनी 140 ते 199 म्हणजे सीमारेषेवर.

आणि ते दोन तास बसून काढा. "पटकन बाजार करून येते", "अर्धा कपच चहा घेतला", हे ऐकलं की मी सरळ दुसऱ्या दिवशी बोलावते. घाईत काढलेल्या आकड्यावर पुढची काही वर्षं निर्धास्त राहणार असाल, तर तो न काढलेलाच बरा. बाळ सोबत आणा, मध्ये अंगावर पाजलंत तरी चालतं. ग्लुकोज उलटून पडलं तर मात्र लगेच सांगा.

एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवर भागवू नका. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, अंगात रक्त कमी असतं, त्या काळात तो आकडा फसवतो.

घरच्या ग्लुकोमीटरनं निदान होत नाही.

तपासणीआधी तीन दिवस भात-पोळी सोडून "चांगला रिपोर्ट" आणायचा प्रयत्न करू नका, नेहमीसारखं जेवा.

तारीख लक्षात राहत नाही, ही तक्रार मला पटत नाही. बाळाची पेंटाव्हॅलेंटची पहिली लस सहाव्या आठवड्यातच असते. त्याच आठवड्यात आईचंही रक्त द्या. आशाताई लसीची आठवण करायला आल्या की तपासणीचंही विचारा.

रिपोर्ट नॉर्मल आला तरी दर एक ते तीन वर्षांनी तपासा. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधी तपासणी करून घ्या.

फाइल माहेरी ठेवून सासरी जाऊ नका. बाळंतपण सोलापूरला, पुढचे डॉक्टर पुण्याला, कागद आईच्या कपाटात, असं फार होतं. रिपोर्टचा फोटो स्वतःच्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्या फोनमध्ये ठेवा. नवीन डॉक्टरांकडे ताप-खोकल्यासाठी गेलात तरी "गरोदरपणात साखर होती" हे आपणहून सांगा.