गोठवलेली चरबी जाते कुठे? उपचाराआधी आणि नंतरच्या तीन महिन्यांत काय करावे

पायाला ठेच लागून ती चिघळली की जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. ते अवधाण म्हणजे सुजलेली लसीका ग्रंथी (लिम्फ नोड). जखमेतले जंतू आणि मेलेल्या पेशींचा गाळ पायातून वर नेणाऱ्या बारीक वाहिन्या त्या ग्रंथीपाशी येऊन मिळतात आणि तिथे त्याची गाळणी होते. शस्त्रक्रियेशिवाय, त्वचेवरून यंत्राने थंडावा देऊन चरबी गोठवण्याच्या उपचारात शेवटचे आणि सर्वांत रेंगाळणारे काम याच व्यवस्थेकडे येते. म्हणून उपचार घ्यायचा की नाही आणि घेतल्यास आधी व नंतर काय करायचे हे ठरवताना, यंत्र कोणत्या कंपनीचे आहे यापेक्षा ही व्यवस्था कशी चालते हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

यंत्राचे काम तसे सोपे आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी खोबरेलाची बाटली थिजलेली असते, पण शेजारच्या तांब्यातले पाणी पाणीच राहते. स्निग्ध पदार्थ पाण्याच्या कितीतरी आधी गोठतात. मेदपेशींतील चरबीचे स्फटिक साधारण 10 अंश सेल्सिअसच्या आसपास बनू लागतात, तर त्या तापमानाला त्वचा, स्नायू आणि रक्तवाहिन्या यांना सहसा धक्का लागत नाही. सतत बर्फाची कांडी चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालांतील चरबी सुजून घट्ट होते, अशी नोंद 1970 मध्येच झाली होती. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डीटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांनी याच गुणधर्माचा उपचारासाठी उपयोग करता येतो हे प्रयोगांनी दाखवले, त्यांचा शोधनिबंध 2008 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2010 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कमरेच्या बाजूंवरील चरबीसाठी या पद्धतीला मान्यता दिली. चरबीची वळी हवेच्या ओढीने यंत्राच्या कपात खेचून घेतली जाते आणि यंत्रानुसार 35 ते 60 मिनिटे थंड ठेवली जाते.

कप निघाला तेव्हा चरबी कुठेच गेलेली नसते. मेदपेशी जागीच फुटून वाहून जात नाहीत. थंडीने इजा झालेल्या पेशी पुढील काही दिवसांत स्वतःहून मरतात आणि हे मरणे शिस्तीचे असते, म्हणजे आतली चरबी एकदम बाहेर सांडत नाही. साधारण तिसऱ्या दिवसापासून तिथे दाहपेशी, म्हणजे इजा झालेल्या जागी धावून येणाऱ्या संरक्षक पेशी, जमू लागतात, दोन आठवड्यांच्या सुमारास त्यांची गर्दी सर्वाधिक होते आणि त्यानंतर भक्षक पेशी मेलेल्या मेदपेशींना वेढून थोडेथोडे पचवत राहतात. दोन ते तीन महिन्यांनी ही वर्दळ ओसरते आणि चरबीचा थर पातळ झालेला दिसतो. चांगला परिणाम म्हणजे त्या जागेच्या थराची जाडी साधारण 20 ते 25 टक्क्यांनी कमी होणे. पंधरा दिवसांत फरक दाखवू असे कोणी म्हणत असेल, तर तो सूज उतरण्यालाच परिणाम म्हणत आहे.

भक्षक पेशींनी पचवलेला माल आणि उरलेला गाळ लसीकेवाटे, म्हणजे पेशींभोवती पाझरलेल्या द्रवावाटे, निघतो. लसीकावाहिन्यांना हृदयासारखा पंप नसतो. त्यांच्या भिंतींचे स्वतःचे हलके आकुंचन, आतल्या एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा, भोवतालच्या स्नायूंचा दाब आणि श्वासाबरोबर छातीत होणारी ओढ यांवर सगळे चालते. नाभीच्या पातळीवर एक पाणलोट रेषा असल्यासारखी असते: नाभीच्या वरच्या पोटाच्या त्वचेकडील लसीका काखेतील ग्रंथींकडे जाते, खालच्या भागातील जांघेतील ग्रंथींकडे आणि हनुवटीखालची जबड्याखालच्या ग्रंथींकडे. तिथून गाळून निघालेली बहुतेक लसीका छातीतील मुख्य वाहिनीतून डाव्या खांद्याजवळच्या मोठ्या शिरेत, म्हणजे रक्तात, मिसळते. जेवणातून येणारे तूप-तेलही आतड्यातून याच मुख्य वाहिनीने रक्तात येते. त्यामुळे शरीराला हे ओझे नवे नाही. उपचार घेतलेल्यांच्या रक्तातील मेद आणि यकृताच्या चाचण्या बारा आठवडे तपासल्या असता त्यांत लक्षणीय बदल आढळला नाही, कारण माल थेंबाथेंबाने येतो.

आता आधी काय पाहावे. उभे राहून पोटाची वळी अंगठा आणि बोटे यांच्यात धरावी. चिमटीत येते ती त्वचेखालची चरबी, आणि कप फक्त तिलाच धरू शकतो. पोट पुढे आलेले पण चिमटीत फारसे काही येत नसेल, तर चरबी आतड्यांभोवती आहे आणि तिच्यावर या यंत्राचा काही उपयोग नाही. आपल्याकडे ही अडचण नेहमीची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली होती: दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा अंक) 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. अंगाने बारीक दिसणाऱ्या भारतीयाने पोटासाठी पैसे मोजण्यापूर्वी चिमटीची परीक्षा घ्यावी ती एवढ्यासाठीच.

दुसरी तपासणी लसीकेची. ज्या भागावर उपचार करायचा तिथला निचराच बिघडलेला असेल, तर गाळ वाढवण्यात शहाणपण नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील ग्रंथी काढलेल्या असतील, जांघेत किरणोपचार झाले असतील किंवा हत्तीरोग होऊन गेला असेल, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी हे आपणहून सांगावे. विदर्भातील वाचकांनी तर विशेषच, कारण गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या पट्ट्यात हत्तीरोग अजून आढळतो आणि एखाद्या पायाला संध्याकाळी येणारी सूज लोक वर्षानुवर्षे अंगावर काढतात. हर्निया, गरोदरपण, थंडीने अंगावर पित्त उठणे आणि थंडीत रक्तातील प्रथिने साकळणारे किंवा रक्तपेशी फुटणारे विरळ आजार यांतही हा उपचार टाळतात.

उपचाराच्या दिवशी लक्ष द्यावे ती दोन मिनिटे शेवटची असतात. कप निघतो तेव्हा ती जागा फ्रीजमधून काढलेल्या लोण्याच्या विटेसारखी उभी, गार आणि कडक असते. बोटाने दाबली तरी दबत नाही आणि कडेने लालबुंद गोल उमटलेला असतो. त्याच वेळी ती जागा एक मिनिट जोराने मळतात आणि एक मिनिट गोलाकार चोळतात. हे सुखाचे नसते, रग लागते, मुंग्या येतात. पण 2014 च्या एका लहान अभ्यासात अशी मालिश केलेल्या बाजूची चरबी दोन महिन्यांनी मालिश न केलेल्या बाजूपेक्षा सरासरी 68 टक्के अधिक घटली होती. चार महिन्यांनी हा फरक 44 टक्के होता. याचा संबंध निचऱ्याशी कमी आणि गारठलेल्या पेशींना आणखी इजा होण्याशी अधिक जोडला जातो. ही दोन मिनिटे टाळली जात असतील तर आधीच विचारावे.

नंतरच्या आठवड्यांसाठी मात्र महागडी पॅकेजे विकली जातात आणि इथे थोडे कठोर बोलणे भाग आहे. लसीका 'डिटॉक्स'चा चहा, घाम आणणारे पट्टे किंवा विजेची कंपने यांनी भक्षक पेशींचे पचन लवकर होत नाही. रोज अर्धा-पाऊण तास चालणे, दिवसातून दोन-तीनदा पोट फुगवून सावकाश दहा-बारा श्वास घेणे, तहानेप्रमाणे पाणी पिणे आणि कमरेला काचणारी नाडी किंवा पट्टा सैल ठेवणे, एवढ्याने वाहिन्यांना लागते ती हालचाल मिळते. सूज त्रासदायक असेल तर डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या दांपत्याने 1930 च्या दशकात विकसित केलेली लसीका मालिश प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून घेता येते. तिने आराम पडतो, चरबी अधिक जाते असे नाही. तिच्यातला दाब फक्त त्वचा सरकवण्याइतका असतो. जोराने रगडणारा मालिशवाला हे काम करत नसतो. काही आठवडे ती जागा बधिर राहू शकते, तेवढा काळ तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कारण भाजले तरी कळत नाही.

'चरबी लघवीवाटे निघून जाते' हे वाक्यही विसरावे. रक्तात आलेली चरबी इंधन म्हणून जळते आणि जळलेल्या चरबीच्या वस्तुमानाचा सुमारे 84 टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो. जेवण गरजेपेक्षा जास्त असेल, तर सुटलेली चरबी जळण्याऐवजी दुसरीकडच्या मेदपेशींत जाऊन बसते.

परिणाम वजनकाट्यावर शोधू नये. उपचाराच्या दिवशी आणि नंतर दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात, एकाच अंतरावरून समोरून व बाजूने फोटो काढावेत, नाभीपासून ठराविक अंतरावर टेपने माप घ्यावे आणि तिसरा महिना संपेपर्यंत त्याच जागेवर दुसरी फेरी घेण्याची घाई करू नये. पहिल्या आठवड्यात उशिरा सुरू होणारी ठणक येऊ शकते आणि ती बहुधा आपोआप जाते. फोड, ताप, पसरत जाणारी लाली किंवा एका पायाची वाढती सूज दिसली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

ते फोटो आणखी एका कारणासाठी लागतात. क्वचित काही जणांत दोन-तीन महिन्यांनंतर ती जागा कमी होण्याऐवजी कपाच्या आकारात घट्ट होऊन वाढत जाते. या उलट परिणामाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रथम 2014 मध्ये आली आणि 2021 मध्ये कॅनडाच्या मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी स्वतःला तो झाल्याचे जाहीर केल्यावर तो जगभर माहीत झाला. ही वाढ म्हणजे साचलेली लसीका नसते. ती खरी नवी चरबी असते, त्यामुळे मालिशने, चालण्याने किंवा पुन्हा गोठवून ती उतरत नाही आणि बहुधा लायपोसक्शनच, म्हणजे शस्त्रक्रियेने चरबी ओढून काढणेच, करावे लागते. असा संशय आला तर उपचार केंद्राच्या 'अजून थोडे थांबा' या उत्तरावर न विसंबता, तारखा घातलेले फोटो घेऊन स्वतंत्र प्लास्टिक सर्जनकडे जावे.