एक्स्टेंडेड कॅब पिकअपमधे बाळाची कार सीट
अमेरिकेत एक्स्टेंडेड कॅबवाला (पुढच्या सीटमागे छोटी मागची सीट असलेला) पिकअप घेताय आणि घरात लहान मूल आहे, तर आधी मागची सीट बघा, बाजूला तोंड असलेली छोटी जंप सीट असेल तर तिथे कार सीट लावायचीच नाही. सरळ सीट असेल तर बाळाची रिअर-फेसिंग (गाडीच्या मागच्या बाजूला तोंड असलेली) सीट विकत घ्यायच्या आधीच ठेवून बघा, पुढची सीट बरीच पुढे सरकवावी लागते. कार सीट बसवायला गाडीचा बेल्ट नाहीतर लॅच (गाडीतल्या खास कड्यांना सीट अडकवायची सोय), एकच वापरा, जोर देऊन घट्ट ओढा, बेल्टपाशी धरून हलवा, इंचभर हलली तर परत बसवा. फॉरवर्ड-फेसिंग (पुढे तोंड असलेल्या) सीटचा टॉप टेदर, म्हणजे वरचा पट्टा, पिकअपमधे बरेचदा गाडीच्या सीटमागच्या लूपमधून ओवून शेजारच्या अँकरला (पट्टा अडकवायच्या कडीला) लावायचा असतो, गाडीचं मॅन्युअल बघाच. आणि पुढे एअरबॅग चालू असेल तर तिथे रिअर-फेसिंग सीट प्लीज कधीच नको!