मायनर-मेजर सेव्हनशी ओळख करून घेताना

गिटार किंवा कीबोर्डवर साथ करायला लागलेल्यांना मायनर-मेजर सेव्हन ही कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांचा हा गट, बहुधा चार्टवर (गाण्याच्या कॉर्ड्स लिहिलेल्या कागदावर) अचानक भेटते. कंसात ‘मेज सेव्हन’ आणि त्याआधी मायनरचा ‘एम’. जॅझच्या चार्टवर तर नुसती आडवी रेघ आणि त्रिकोण. बरेच जण तिथे साधी मायनर वाजवून पुढे सटकतात. खपूनही जातं. पण गाण्याने जिथे श्वास रोखून धरायचा, तिथे ते सपाट होऊन जातं.

तिचे सूर सांगायला सोपे आहेत: सा, कोमल ग, प आणि शुद्ध नी. मायनर म्हणायचं ते कोमल गंधारामुळे, मेजर म्हणायचं ते शुद्ध निषादामुळे. सा पासून मोजलं तर 3, 7 आणि 11 सेमीटोन (सेमीटोन म्हणजे लगतच्या दोन सुरांमधलं अंतर). मायनर सेव्हनमध्ये निषाद कोमल असतो, म्हणजे 10 वर. सगळा फरक त्या एका सेमीटोनचा. पटदीप राग कानात असेल तर कोमल ग आणि शुद्ध नी यांची संगत तुम्हाला नवी नाही. पाश्चात्त्य सप्तकांच्या भाषेत पटदीपाचे सूर म्हणजे चढता मेलडिक मायनर, कीरवाणीचे म्हणजे हार्मोनिक मायनर, आणि दोन्हींत सा वर चार सुरांची कॉर्ड उभी केली की हीच मिळते. रागात मात्र ते सूर एकामागून एक येतात. इथे ते एकदम वाजतात, म्हणून आधी कान थोडा बिचकतो.

माझ्या मते ही कॉर्ड एकटी पाठ करू नये. ती जिथून येते आणि जिथे जाते, त्या वाटेवरच शिकावी. गिटारवर डी मायनर धरा, सगळ्यांत जाड दोन तारा न वाजवता. आता पातळ बाजूने दुसऱ्या तारेकडे लक्ष द्या. तिथे बोट तिसऱ्या फ्रेटवर आहे, सूर डी. तो दुसऱ्या फ्रेटवर आणा, झाली डी मायनर-मेजर सेव्हन. पहिल्या फ्रेटवर आणा, डी मायनर सेव्हन. इथे पहिलं बोट आडवं करून दोन्ही पातळ तारा दाबाव्या लागतात. मग दुसरी तार मोकळी सोडा, डी मायनर सिक्स. डी, सी शार्प, सी, बी. बाकीच्या तारांवरचे सूर जागचे हलत नाहीत, एकच सूर पायरी पायरीने उतरतो. शेवटचा बी हा जी सेव्हनचा गंधार असल्यामुळे पुढे जी सेव्हन आपसूक येते. हे हळू, एकेका मात्रेऐवजी चार-चार मात्रा थांबत वाजवा आणि उतरणारा सूर तोंडाने गा. गायल्याशिवाय बोटं शिकतात, कान शिकत नाही.

कीबोर्डवर आणखी एक गंमत आहे, आणि ही मला फार आवडते. डाव्या हाताने डी, उजव्याने एफ, ए, सी शार्प. उजव्या हातात आलेली ही ऑगमेंटेड कॉर्ड सप्तकाचे 4-4 सेमीटोनचे तीन सारखे भाग करते. त्यामुळे उजवा हात न हलवता बेस बदलला तरी चालतं: पांढरी दोन, म्हणजे डी, सोडून काळी तीन दाबा, एफ शार्प मायनर-मेजर सेव्हन, काळी पाच दाबा, बी फ्लॅटची. असे उजव्या हाताचे चारच गट, आणि त्यांतून बाराही पट्ट्यांच्या कॉर्ड्स.

वाटेतला मुक्काम म्हणून ती रुळली की मग तिच्यावर थांबायला शिका. मायनर पट्टीतल्या गाण्याच्या शेवटी, सा वरची कॉर्ड म्हणून ती ठेवली तर गाणं संपतंही आणि संपत नाहीही. 1962 साली पडद्यावर आलेल्या जेम्स बाँडच्या थीमची अखेरची गिटारची कॉर्ड आठवा. ती ई मायनर-मेजर नाइन, म्हणजे याच कॉर्डवर शुद्ध रे चढवलेला. रहस्यपटांनी ती इतकी वापरली आहे की प्रत्येक मायनर गाण्याच्या शेवटी टाकली तर गाणं उगाच गुप्तहेर वाटू लागतं.

तिच्यावर आलाप किंवा सोलो घेताना शुद्ध धैवत मोकळेपणाने चालतो. कोमल धैवत पंचमाला अगदी खेटून असतो, त्यामुळे तो लांबवू नका, जाता जाता घ्या.

सगळ्यांत जास्त जपायचं ते गाणाऱ्याला. गायक वरच्या सा वर स्थिरावलेला असताना तुम्ही त्याच्या खाली शुद्ध नी धरलात, तर दोन्ही सूर एकमेकांना घासतात आणि ऐकणाऱ्याला गायक बेसूर वाटतो. अशा जागी नी सोडून ध घ्या, म्हणजे मायनर सिक्स वाजवा. रंग बराचसा तोच राहतो आणि खरखर जाते. चाल रे, ग किंवा प वर असेल तर मायनर-मेजर सेव्हन बिनधास्त लावा. तेव्हाही सा खाली बेसमध्ये आणि नी वरच्या सप्तकात, असं अंतर ठेवून. कीबोर्डच्या मधल्या भागात नी आणि सा शेजारी शेजारी दाबले तर धार फार येते. ती धारच हवी असेल, तर मग तसंच दाबा.