मिनी शिलाई मशीन शिकताय? टेन्शनच्या चकतीला हात लावण्याआधी या चुका टाळा

दीड-दोन हजारांच्या आत मिळणारं छोटं शिलाई मशीन घरी आलं की पहिल्याच दिवशी कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं. ते दिसलं की बहुतेकांचा हात मशीनच्या पुढच्या बाजूच्या टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण कमी-जास्त करायच्या चकतीकडे जातो. ती थोडी घट्ट, मग थोडी सैल, मग पुन्हा घट्ट करून पाहिली जाते. तासाभराने मूळ बिघाड तसाच राहतो आणि कारखान्यातून नीट लावून आलेलं टेन्शनही बिघडतं. या मशीनच्या दहा तक्रारींपैकी बहुतेकींचं मूळ दोरा ओवण्यात, सुईत किंवा बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळात असतं. म्हणून तपासताना आधी वरचा दोरा, मग सुई, मग बॉबिन पाहायची. चकती सगळ्यात शेवटी.

इथे बोलतोय ते टेबलावर ठेवायच्या, वीतभर रुंदीच्या, वर रीळ आणि खाली बॉबिन असलेल्या मशीनबद्दल. स्टेपलरसारखं हातात धरायचं मशीन वेगळं. ते एकाच दोऱ्यावर साखळी टाका घालतं आणि शेवटचं टोक बांधलं नाही तर ती टीप एका ओढीत उसवते. शिवण शिकायची असेल तर ते घेऊ नका.

खालून जाळं झालं तर चूक वर शोधा

गुंता कापडाखाली दिसतो म्हणून सगळे बॉबिन उलटीपालटी करत बसतात. पण दोन दोऱ्यांच्या टाक्यात वरचा दोरा सुईबरोबर खाली जातो, बॉबिनभोवती फिरतो आणि मग वर ओढला जातो. अमेरिकन संशोधक एलियस होवने १८४६ मध्ये पेटंट घेतलं त्या मशीनपासून हीच रीत आहे, टोकाला नेढं असलेली सुई आणि दोन दोरे. वर ओढायचं काम वर-खाली होणारी दांडी करते, कारागीर तिला टेक-अप म्हणतात. दोरा तिच्या भोकातून किंवा खाचेतून निसटला असेल, तर खाली गेलेला दोरा परत येतच नाही, खालीच साठतो. ते साठलेलं म्हणजे जाळं.

त्यामुळे जाळं दिसलं की वरचा दोरा पूर्ण काढून नव्याने ओवायचा. रिळापासून वरच्या कडीत, तिथून टेन्शनच्या चकतीमागच्या दोन पातळ चकत्यांच्या मधोमध, मग टेक-अपमधून, खालच्या कडीतून आणि शेवटी सुईत. दोरा चकत्यांवरून नुसता गेलेला नसावा, दोन्ही बाजूंनी हलकेच ओढून तो मध्ये बसवावा. बसला की ओढताना हाताला थोडा अडसर जाणवतो. जाणवला नाही तर तो बाहेरच आहे.

दुसरं कारण म्हणजे प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली घ्यायचा राहून जाणं. जाड कापड असलं की फूट वर आहे की खाली हे नजरेला कळत नाही, मागचा खटका हाताने चाचपून पाहा. फुटाने दाबलं नाही तर खालचे दाते कापड सरकवू शकत नाहीत आणि सगळे टाके एकाच जागी पडत राहतात.

तिसरं कारण सुरुवातीची घाई. शिवायला लागण्याआधी बॉबिनचा दोरा वर आणावा लागतो. डाव्या हातात वरच्या दोऱ्याचं टोक सैलसर धरा आणि उजवीकडचं चाक आपल्या दिशेने पूर्ण एक फेरा फिरवा. सुई खाली जाऊन वर आली की टोक ओढा, खालच्या दोऱ्याचा फास वर येतो. दोन्ही दोरे दहा-बारा सेंटीमीटर बाहेर काढून फुटाखालून मागे घ्या आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत बोटाने धरून ठेवा. टोकं आखूड सोडली तर पहिल्याच टाक्याला सुईतला दोरा निघतो किंवा टोकं आत ओढली जाऊन अडकतात. चाक नेहमी आपल्याकडेच फिरवायचं. उलट फिरवलं की आत फास उरतो.

गुंता होऊन मशीन अडकलंच तर कापड हिसडू नका. ॲडॉप्टर काढा, चाक हलकेच फिरवून सुई वर आणा, फूट उचला, कापडाखालचे दोरे बारीक कात्रीने कापा आणि मग कापड काढा. बॉबिनवरची सरकती पट्टी उघडून बॉबिन बाहेर घ्या, तुकडे चिमट्याने वेचा. अर्धा इंच दोरा आत राहिला तरी पुढचा गुंता तिथूनच सुरू होतो.

सुई: स्वस्तातली वस्तू, बऱ्याच तक्रारींचं कारण

शिवणाच्या दुकानात नुसतं ‘मशीनची सुई द्या’ म्हटलं की कधी कधी कारखान्यातल्या मशीनची सुई हातात पडते. तिचा वरचा दांडा पूर्ण गोल असतो आणि पाकिटावर ‘डीबी एक्स १’ छापलेलं असतं. घरगुती मशीनला लागते ती ‘एचए एक्स १’. तिचा दांडा जाड आणि एका बाजूने चपटा असतो. गोल दांड्याची सुई स्क्रूखाली कशीबशी अडकते, पण तिची जागा चुकते आणि एकही टाका नीट पडत नाही.

चपटी बाजू कुठे ठेवायची ते मॉडेलवर ठरतं. म्हणून जुनी सुई काढण्याआधी मोबाइलवर जवळून एक फोटो काढून ठेवा आणि नवी तशीच लावा. दोरा कुठून ओवायचा हे मात्र सुईच सांगते. ज्या बाजूला लांब खाच असते तिकडून दोरा आत जातो आणि चपट्या बाजूने बाहेर येतो. उलट ओवला तर टाके गळतात किंवा दोरा तुटत राहतो.

सुई खोबणीत टेकेपर्यंत वर ढकलूनच स्क्रू आवळा. सुई सगळ्यात खालून दोनेक मिलिमीटर वर आली की तिच्या मागे दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो आणि खालचा हूक नेमका त्याच क्षणी तो पकडतो. सुई एक मिलिमीटर जरी खाली लोंबत असली तरी हूक चुकतो आणि टाका गळतो. टाके मधूनमधून गळत असतील तर कारण बहुतेक वेळा इथेच असतं, नाहीतर सुई वाकलेली असते. वाकलेली सुई डोळ्याला सरळच दिसते. काचेवर चपट्या बाजूने आडवी ठेवून टोकाखालची फट पाहा, सगळीकडे सारखी हवी.

अकरा नंबरची सुई अस्तर, जॉर्जेट, टू बाय टू रुबियासाठी. चौदा नंबर पॉपलिन, सुती चादर, पडद्याचं साधं कापड यांच्यासाठी. सोळा नंबर बसतो, पण ज्या कापडाला तो लागतो ते या मोटरला झेपत नाही. साधारण आठ तास शिवून झालं की सुई बदला. टोक बोथट झालं की कापडात शिरताना ‘टप टप’ आवाज येतो, त्याची वाट पाहू नका. बनियनसारख्या ताणणाऱ्या कापडावर साधी सुई टाके गाळतेच, तिथे गोल टोकाची बॉल पॉइंट सुई हवी.

सुई मोडण्याचं खरं कारण बहुतेकदा हात असतो. नवशिका मागून कापड ओढतो, सुई वाकते आणि खालच्या पत्र्यावर आपटते. मोडलेली सुई बदलता येते, पण पत्र्याच्या भोकाला पडलेला ओरखडा तसाच राहतो आणि पुढे प्रत्येक दोरा कापत जातो. भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. खरखरीत लागलं तर अगदी बारीक पॉलिश पेपरने हळू घासून गुळगुळीत करा. कापड ढकलायचं काम दात्यांचं. हातांनी फक्त दिशा दाखवायची.

बॉबिन

बॉबिन काठोकाठ भरली की खोबणीत घासते. वरून एक-दीड मिलिमीटर जागा सोडा. भरताना दोरा बोटांत हलका ताणून धरा आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवा. सैल, ढिगासारखी भरलेली बॉबिन शिवताना झटके देते. काही मॉडेलच्या खोबणीत चुंबक असतो, तिथे प्लास्टिकची बॉबिन उडते. नवी घेताना जुनी सोबत न्या. उंची आणि रुंदी दोन्ही जुळल्याशिवाय घेऊ नका.

आता टेन्शन

एवढं सगळं बरोबर असूनही टीप बिघडली असेल तरच चकती फिरवा, आणि अंदाजाने नको. वर लाल दोरा, बॉबिनमध्ये निळा आणि पांढऱ्या सुती कापडाची दुहेरी पट्टी घ्या. वीतभर टीप मारा. वरच्या बाजूला निळे ठिपके दिसले तर वरचा दोरा जास्त ताणलेला आहे, चकती पाव फेरा सैल करा. खालच्या बाजूला लाल फास दिसले तर पाव फेरा घट्ट करा. पुन्हा टीप मारून पाहा. जमलं की चकतीवर पेनाने खूण करून ठेवा.

तलम कापडाला चुण्या पडत असतील तर टेन्शन थोडं सैल करा, अकरा नंबरची सुई लावा आणि कापडाखाली पातळ टिश्यू पेपरची पट्टी ठेवून शिवा. नंतर कागद फाडून काढता येतो.

दोरा जुना असला तर यातलं काहीच चालत नाही. हातभर दोरा दोन्ही हातांनी झटका देऊन ताणा. सहज तुटला तर ते रीळ हातशिलाईला ठेवा. शिंप्याकडचा दोऱ्याचा मोठा कोन या मशीनच्या आखूड दांडीवर बसत नाही. तो मागे एका पेल्यात ठेवून दोरा वर आणला की छान चालतो.

मशीनला काय झेपतं

सगळ्यात जास्त मशीनं इथे बिघडतात आणि दोष मशीनला दिला जातो. दोन पदरी पॉपलिन हे मशीन आरामात शिवतं. पण पडद्याची कड दोनदा दुमडली की तीन पदर होतात. जिथे बाजूची शिवण त्या दुमडीला येऊन मिळते तिथे, माया (टिपेबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड) दोन्हीकडे उघडून इस्त्री केली असेल तर सहा आणि एका बाजूला वळवली असेल तर नऊ पदर होतात. जीन्सच्या पायाची दोन टिपांची दुमडीची शिवण मुळातच चार पदरी असते, ती दुमडली की बारा. तिथे मोटर घूं घूं करते आणि प्लास्टिकचे दाते असलेलं गिअर घसरतं. जीन्स, कॅनव्हास, गोधडी या मशीनवर नको.

साध्या सुती कपड्यात तसा उंचवटा आला तर दुमडण्याआधी मायेचा कोपरा तिरका कापून पदर कमी करा. फुटाच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी ठेवा, म्हणजे फूट तिरका होत नाही. ते चार टाके स्विच बंद ठेवून हाताने चाक फिरवत घाला.

या साध्या मशीनवर पिको होत नाही. फॉल लावता येतो, पण साडीवर टीप उठून दिसते, म्हणून फॉल हातानेच घातलेला बरा. ब्लाउज शिवता येतो. फक्त काखेजवळ आणि बाजूला ताण येतो, तिथे पहिल्या टिपेला लागून दुसरी टीप मारा.

उलटी टीप मारायची सोय बहुतेक छोट्या मॉडेलना नसते, आणि टीप उसवते ती यामुळेच. शेवटाला सुई कापडात रोवलेली ठेवून फूट उचला, कापड पूर्ण वळवा, फूट खाली घेऊन त्याच टिपेवरून चार-पाच टाके परत या. किंवा दहा सेंटीमीटर दोरा सोडून कापा, वरचा दोरा हातसुईने उलट बाजूला घ्या आणि दोन्हींची दुहेरी गाठ मारा.

वीज, पॅडल, तेल

मशीनखाली ६ व्होल्ट लिहिलेलं असेल तर ॲडॉप्टर ६ व्होल्टचाच हवा. पिन बसते म्हणून राउटरचा १२ व्होल्टचा लावला तर मोटर जळते. पेन्सिल सेल चार लागतात, दीड व्होल्टचे चार म्हणजे ६. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असल्याने चार मिळून ४.८ होतात आणि मशीन रेंगाळतं. तो बिघाड नव्हे. ॲडॉप्टर लावला असताना सेल आत ठेवू नका.

पॅडल म्हणजे इथे नुसता स्विच असतो, कमी-जास्त दाबून वेग बदलत नाही. पॅडलवर शिवताना मशीनवरचं बटण बंद ठेवा आणि वेग ‘लो’वर. पहिला सराव दोरा न ओवता, वहीच्या रेघांच्या कागदावर करा. कागदाने सुई बोथट होते, म्हणून त्यासाठी जुनी सुई वेगळी ठेवा. शिवताना नजर सुईवर नको. पत्र्यावर सुईपासून अर्ध्या इंचावर मास्किंग टेप चिकटवा आणि कापडाची कड त्या रेषेला धरून चला, माया आपोआप सारखी राहते.

खोबरेल तेल कधीही घालू नका. ते थंडीत गोठतं आणि एरवी धूळ धरून चिकट होतं. मशीनचं पातळ पारदर्शक तेल एक थेंब, तेही माहितीपत्रकात दाखवलेल्या धातूच्या जागीच. मग रद्दी कापडावर वीतभर टीप मारून जास्तीचं तेल निघू द्या. दर दोन-तीन बॉबिनमागे पट्टी उघडून ब्रशने कापसाचा भुगा झाडा. तोंडाने फुंकू नका, वाफेने गंज चढतो. कोकणात पावसाळ्यात मशीन महिनाभर बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवा, सुईही काढा आणि फुटाखाली कोरड्या सुती कापडाची घडी ठेवून फूट खाली घ्या.