हिवतापाच्या किटवर किती विसंबायचं? प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येईल अशी पडताळणी

हिवतापाच्या झटपट रक्तचाचणीच्या किटच्या खिडकीत ‘सी’ची (कंट्रोल, म्हणजे नियंत्रणाची) रेघ उमटली की चाचणी नीट झाली, असं सर्रास धरलं जातं. ती रेघ फक्त इतकंच सांगते, की द्रव पट्टीच्या टोकापर्यंत वाहत गेला आणि रंगाचे कण अजून काम करताहेत. रक्त पुरेसं पडलं का, ‘पीएफ’च्या (फॅल्सिपेरम या हिवतापाच्या जंतूच्या) रेघेवरची, जंतूचं प्रथिन पकडणारी प्रतिपिंडं उन्हाने निकामी झाली का, याचा तिला पत्ता नसतो. बहुतेक किटांत रक्त न घालता नुसतं बफर (किटसोबत येणारा द्रव) टाकलं तरी ‘सी’ उमटते. त्यामुळे साठवण, हाताळणी आणि खुद्द किट या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

सुरुवात खोक्यापासून करा. लॉट (एकत्र बनलेल्या किटांची खेप) क्रमांक, मुदत आणि तापमानाची मर्यादा टिपून घ्या. मर्यादा बहुधा ३० किंवा ४० अंश असते. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालची खोली ती सहज ओलांडते, म्हणून किट ठेवलेल्या कपाटातच कमाल-किमान तापमापक टांगा आणि रोजचा आकडा वहीत लिहा. मग दहा पाकिटं फोडा. आतल्या पुडीतल्या दाण्यांचा रंग बदललेला दिसला तर पाकिटात दमट हवा शिरली आहे, ते किट बाद. दाणे रंगीत नसतील तर पाकिटाला भोक किंवा चीर आहे का ते बघा.

आता हात तपासा. किट वापरणाऱ्या ताईंना न टोकता पाच-सहा चाचण्या करू द्या आणि शेजारी बसून बघा. चुका ठरावीक असतात. रक्त बहुतेक किटांना ५ मायक्रोलिटर लागतं. कमी पडलं तर क्षीण संसर्ग निसटतो, जास्त पडलं तर पट्टी लालच राहते आणि फिकी रेघ त्यात बुडते. बफरची बाटली तिरपी धरली की थेंबाचा आकार बदलतो, तेव्हा ती सरळ उभी धरून सांगितले तितकेच थेंब मोजून टाकायचे. बफर संपलं म्हणून सलाइन किंवा नळाचं पाणी घालणं तर सर्वांत घातक, कारण त्याने निरोगी माणसाच्या रक्तातही ‘पीएफ’ची रेघ उमटू शकते. दुसऱ्या लॉटचं बफरही चालत नाही. वाचन माहितीपत्रकात लिहिलेल्या वेळेलाच, बहुधा १५ ते २० मिनिटांनी, घड्याळ लावून करायचं. तासाभराने उमटलेली रेघ धरायची नाही. वेळेत दिसलेली रेघ मात्र कितीही फिकी असली तरी पॉझिटिव्हच.

हे दोन्ही ठीक असेल तरच काचपट्टीशी (सूक्ष्मदर्शकाखालच्या रक्ततपासणीशी) ताडून बघण्यात अर्थ आहे. तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या एकाच टोचणीतून किट आणि जाड-पातळ लेप दोन्ही करा. काचपट्टी वाचणाऱ्याला किटचा निकाल कळता कामा नये. जाड लेपाची किमान १०० क्षेत्रं तेल-भिंगाखाली पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नका. दोन वाचकांचं जमलं नाही तर पट्टी तिसऱ्याकडे द्या. जंतूंची संख्याही मोजा: २०० पांढऱ्या पेशींमागे जितके जंतू दिसले त्याला ४० ने गुणलं की एका मायक्रोलिटरमधला अंदाज मिळतो. म्हणजे ५ जंतू दिसले तर २००. जागतिक आरोग्य संघटना किटांची पारख याच पातळीच्या नमुन्यांवर करते. याहून विरळ संसर्ग किटने चुकवला तर लगेच लॉटला दोष देऊ नका. हजारो जंतू असताना चुकवला तर मात्र गंभीर.

समजा २०० रुग्णांपैकी ४० काचपट्टीवर पॉझिटिव्ह निघाले आणि त्यातले ३७ किटने पकडले. संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी पकडलेल्यांचं प्रमाण, ९२.५ टक्के. पण नमुना लहान असल्याने खरा आकडा साधारण ८० ते ९७ यांच्यात कुठेही असू शकतो. उरलेल्या १६० निगेटिव्हांत किटने ६ जणांना पॉझिटिव्ह ठरवलं, तर विशिष्टता, म्हणजे निरोगींपैकी बरोबर निगेटिव्ह ठरलेल्यांचं प्रमाण, ९६.२५ टक्के. ऐकायला छान वाटतं. पण हेच किट शंभरात एकालाच हिवताप असलेल्या गावात वापरा: १००० जणांत खरे १०, त्यातले ९ सापडतील, आणि सोबत ३७ खोटे पॉझिटिव्ह येतील. किट तेच, पण पॉझिटिव्ह निकालाचं मोल पाचात एक.

न जुळलेला प्रत्येक निकाल मोडून बघा. किट पॉझिटिव्ह, काचपट्टी निगेटिव्ह? आधी औषधाची चौकशी करा. ‘पीएफ’ची रेघ एचआरपी-२ या प्रथिनावर उमटते, आणि जंतू मेल्यावरही ते कित्येक आठवडे रक्तात राहतं. महिन्याभरात उपचार झालेल्यांची मोजणी वेगळी ठेवा, आणि उपचार लागू पडला का हे या किटने ठरवू नका. ‘पीव्ही’ची (व्हायवॅक्स या दुसऱ्या जंतूची) रेघ एलडीएच या जंतूच्या विकरावर चालते, ती जंतूंबरोबर लवकर विझते. संधिवाताच्या काही रुग्णांतही खोटी रेघ येते.

काचपट्टीवर फॅल्सिपेरम भरपूर आणि किट कोरं किंवा रेघ अगदी फिकी? रक्त सलाइनमध्ये दहापट पातळ करून नव्या किटवर पुन्हा लावा. प्रथिन अतोनात असलं की रेघ दबते, पातळ केल्यावर ती ठळक होते. (इथे सलाइन चालतं ते रक्त पातळ करायला, बफरच्या जागी नाही.) तरीही कोरंच राहिलं तर दुसऱ्या लॉटचं किट लावा. तेही गप्प राहिलं, तर जंतूमध्ये एचआरपी-२ चं जनुकच नसण्याची शंका घ्या. असे जंतू पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यातून २०१० मध्ये प्रथम नोंदले गेले आणि पुढे एरिट्रियात इतके आढळले की तिथे किटच बदलावं लागलं. आपल्याकडच्या पीएफ-पीव्ही किटमध्ये फॅल्सिपेरमसाठी दुसरी रेघ नसते, त्यामुळे असा रुग्ण थेट निगेटिव्ह दिसतो. उपचार काचपट्टीवरून लगेच सुरू करा. गाळणकागदावर रक्ताचे थेंब घेऊन सावलीत पूर्ण वाळवा, शोषक पुडीसह बंद पिशवीत घाला आणि लॉट क्रमांकासकट जिल्हा हिवताप कार्यालयामार्फत पीसीआरसाठी (जनुकाच्या तपासणीसाठी) पाठवा.